बिनदोऱ्याचा भोपळा

गेलेल्या बायकोच्या, हसिनाच्या, चाळिसाव्याला भोपळ्याची भाजी करायची, असं पीरमहंमदनं आपणहून ठरवलं होतं. तिला ती आवडायची. तिनं जेठात टोचलेला लाल भोपळ्याचा वेल घरामागच्या कुडावरून चढून पार पत्र्यापर्यंत गेला होता. दर साली श्रावण सरेपर्यंत त्याला चार-पाच भोपळे ठरलेले. म्हणून सकाळी विळा घेऊन तो मागं गेला. पानं सारत सारत त्यानं सगळा वेल धुंडाळला. फुलं रग्गड होती. फळ एकही नव्हतं. अंगठ्याएवढी झालेली कोवळी फळं देठापाशी पिवळी पडून सडली होती, हात लागला की गळून पडत होती.

पाऊस जास्त झाला असेल, असं त्याला वाटलं. कुडापलीकडं गोजराबाई गोठ्यातलं शेण काढत होती. तिची आणि हसिनाची वीस वर्षांची शेजाराची जोड. दळण एकत्र, सरपण एकत्र, भांडणंही एकमेकींशीच. पीरमहंमद विळा धरून नुसता उभा राहिलेला तिनं पाहिला आणि पाटी खाली ठेवली.

"भावजी, विळा ठेवा आत," ती म्हणाली. "औंदा भोपळा न्हाई लागायचा. लावणारी गेली."

"वेल तिनंच लावलाय की."

"वेल न्हवं. फळ."

ती वळसा घालून आत आली. लांब बारीक देठाचं एक फूल तिनं खुडलं, त्याच्या पाकळ्या सोलून टाकल्या आणि आतली पिवळ्या भुकटीनं माखलेली काडी त्याच्यापुढं धरली. हा नवरा, म्हणाली. मग पानाखालचं दुसरं फूल दाखवलं. त्याच्या बुडाशी बोराएवढी गाठ होती. ही नवरी. नवऱ्याची काडी नवरीच्या पोटात फिरवायची, तेव्हा गाठ धरते, नाहीतर सडते. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, म्हणून हे काम तेवढ्या वेळातच करावं लागतं. पीरमहंमद पहाटेच्या नमाजाला मशिदीत गेला की हसिना मागं यायची आणि तो परत यायच्या आत चहाला आधण ठेवलेलं असायचं. बारा वर्षं तिनं हे केलं होतं.

"पर ह्ये तर माश्यांचं काम," पीरमहंमद म्हणाला. इतकं त्यालाही ठाऊक होतं.

"व्हय. माश्यांचंच," गोजराबाई म्हणाली. "माश्या हायेत कुटं? तुमीच उडवल्यात न्हवं."

ती हे टोचून बोलली नाही. पाऊस पडला, चूल विझली, असं सांगावं तसं बोलली. 

गोष्ट खरी होती. त्यांच्या नांदे गावाहून कोसभर वर डोंगराच्या कुशीत एक उभा कडा होता. त्याला मोहोळाचा कडा म्हणत. आग्या मोहोळाची सतरा पोळी त्याला लोंबायची, आणि खालच्या कपारींत सातेरी माशीची लहान मोहोळं असायची. सहासष्ट साली तिथं दगडाची खाण लागली. पीरमहंमद त्या खाणीतला सुरुंगवाला. भोक पाडायचं, बारूद ठासायची, वात लावायची आणि सगळ्यांनी आडोसा घेतला की पेटवायची. ठेकेदाराला कड्याखालचा काळा पत्थर हवा होता. ओला पेंढा जाळून माश्यांना धूर दिला, आणि दुपारी पीरमहंमदनं वात पेटवली. कडा अर्धा खाली आला. फुटलेल्या दगडावरून मध ओघळत होता, आणि गडी तो बोटानं चाटत होते. पीरमहंमदनंही तांब्याभर घरी आणला. हसिनानं तो फडक्यातून गाळला. फडक्यात दगडाची कच राहिली. ती ते फडकं हातात धरून बराच वेळ बसली होती, हे त्याला आत्ता आठवलं. तो मध तिनं खाल्ला नव्हता. त्याला वाटलं होतं, तिला गोड चालत नसेल.

पुढं नऊ वर्षं खाण चालली. डोंगराचं अंग सोलून तीन उंच पायऱ्या पडल्या, तळाला पाणी साचलं. मग दगड संपला, ठेकेदार यंत्रं घेऊन गेला. जमीन गायरानाची होती, ती गायरानाकडं परत आली. पण तिच्यावर आता गवताची काडी नव्हती.

"मला का न्हाई सांगितलं तिनं?" त्यानं विचारलं.

गोजराबाई म्हणाली, "मी म्हनलं व्हतं तिला. तर म्हनाली, त्यो दगड फोडतो म्हनून चूल पेटती. त्येच्या भाकरीत खडा कशाला टाकू."

त्या दिवशी फातिहाच्या जेवणाला पौडच्या बाजारातून आणलेला भोपळा शिजला. पीरमहंमदनं तो खाल्ला. भाजी गोड झाली होती, आणि तेच त्याला सोसलं नाही. ताट तसंच ठेवून तो उठला.

त्याची एकुलती लेक फहमिदा पौडला दिली होती. सगळी पांगल्यावर तिनं विषय काढला. अब्बांनी आता एकट्यानं इथं राहू नये. पौडला चला, मागची खोली रिकामी आहे. त्यानं तिला वेलाचं विचारलं. तुला ठाऊक होतं का? फहमिदानं मान खाली घातली. तिला ठाऊक होतं. लहानपणी तीही आईबरोबर फुलं सोलायला जायची. म्हणजे घरात आणि शेजारात ठाऊक नव्हतं ते त्याला एकट्याला.

"येतो पौडला," तो म्हणाला. "पर वेलाला आपसूक भोपळा लागू दे. मानसाचा हात न लागता. मग येतो."

फहमिदाला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. तिनं वाद घातला नाही.

पीरमहंमदचं म्हणणं साधं होतं. माश्या कड्यावरून गेल्या, कारण कडा गेला आणि त्याच्याभोवतीचं रान गेलं. कडा परत उभा करता येत नाही. रान उभं करता येईल. सरपंच हैबतरावाच्या कानावर घालायला तो चावडीवर गेला. हैबतरावानं ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि चार माणसांसमोर म्हणाला, "लाव की. आमची ना न्हाई. दगडाला पालवी फुटली तर पयला हार मी घालीन." चावडी हसली. पीरमहंमदनं यातलं "ना न्हाई" एवढंच ध्यानात धरलं आणि घरी आला.

दिवाळी झाल्यावर त्यानं काम धरलं. पहार, घण, छिन्नी घरात होतीच. बारूद त्याला नको होती. ती आता मिळालीही नसती. पहिल्या पायरीवर त्यानं जागा निवडायला सुरुवात केली. सुरुंगवाला जागा निवडतो ती कानानं. घणाचा हलका ठोका मारायचा. ठण्ण वाजलं तर दगड निकोप, भद्द वाजलं तर आत भेग. भेगेपाशी भोक पाडायचं नसतं. बारूदीचा सगळा जोर भेगेतून निसटून जातो, आणि काम शिकवणारा उस्ताद शिव्या घालतो. आधीच्या खाणी धरून पंचवीस वर्षं त्याच्या हाताला हेच वळण होतं. त्यानं ठण्ण वाजणाऱ्या जागा तेवढ्या घेतल्या. जवळजवळ भोकं पाडून मधला दगड पाचरीनं काढायचा, की वीतभर रुंद आणि हातभर खोल खड्डा व्हायचा. एका खड्ड्याला तीन-चार दिवस जायचे. होळीपर्यंत अडतीस खड्डे झाले. कुंभाराच्या मडक्यासारखे स्वच्छ, गुळगुळीत. इतकं चोख काम त्यानं खाणीतही केलं नव्हतं.

आता माती. डोंगरावर माती होती, पण ती उचलून आणली तर डोंगर उघडा पडणार. त्याला धुळाजीची आठवण झाली. धुळाजी मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि जेठाच्या तोंडाशी परत वर यायचा. वाटेतल्या शेतांत शेतकरी त्याची मेंढरं बसवून घेत. म्हणजे कळप रात्री रानात बसायचा, लेंड्या आणि मुतानं जमीन खतवायचा, आणि शेतकरी बदल्यात धान्य द्यायचा. धुळाजी आणि तो एका वयाचे, खाणीच्या आधीपासून ओळखीचे.

धुळाजी आला तेव्हा पीरमहंमदनं विचारलं, सात दिवस खाणीत मेंढरं बसवशील का?

धुळाजीनं मुंडासं मागं सारलं. "दगडावर मेंढरं बसवायची? बदली काय देनार, खडी?"

"पानी. खालचं डबकं भरल्यालं हाय. कासारसाईपर्यंत दुसरीकडं पानी न्हाई. तुझी मेंढरं पितील तेवढं पी म्हन."

हे खरं होतं, आणि धुळाजीला ते पटलं. सात दिवस दोनशे मेंढरं खाणीच्या तळाला बसली. पीरमहंमदनं लेंड्या झाडून गोळा केल्या, खाणीतली बारीक चुरी आणि पालापाचोळा त्यात मिसळला आणि अडतीस खड्डे भरले. डोंगरातून जांभूळ, करंज, ऐन, हिरड्याची रोपं मुळासकट आणून लावली. आषाढ लागला.

आपल्याकडचा आषाढ म्हणजे काय ते सांगायला नको. पंधरा दिवसांनी उघडीप झाली तेव्हा तो वर गेला. अडतीसही खड्डे काठोकाठ भरले होते. खत पाण्यावर तरंगत होतं. रोपं उभी होती पण काळी पडली होती. एक ओढलं, ते मुळाच्या जागी नुसती शेवाळी घेऊन वर आलं. दगडाला कुठं चीर नव्हती, मग पाणी जाणार कुठं? त्यानं मुद्दाम निवडून निवडून असे खड्डे पाडले होते की ज्यांतून थेंब गळणार नाही.

तो दिवसभर तिथं बसला. रागावला, ते स्वतःवरच. घरी येताना त्याला दुसऱ्या पायरीच्या तोंडाशी धायटीचं एक झुडूप दिसलं. ते कुणी लावलं नव्हतं. तो चढून गेला. झुडूप उभ्या दगडातल्या एका केसासारख्या भेगेतून निघालं होतं. त्यानं खिशातली छिन्नी काढली आणि तिच्या बुडानं शेजारी ठोका मारला. भद्द वाजलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं खाण नव्यानं वाजवायला घेतली. आता तो भद्द ऐकायला फिरत होता. जिथं जिथं उस्तादनं त्याला चुकव म्हणून सांगितलं होतं, तिथं तिथं तो कोळशानं खूण करत गेला. एका पायरीवर एकशे चार जागा सापडल्या. इतक्या भेगा त्याला कधी दिसल्याच नव्हत्या. त्यातल्या काही त्याच्याच सुरुंगांनी पाडलेल्या होत्या.

त्या साली वेलाला पुन्हा फुलं आली आणि पुन्हा फळं सडू लागली. हसिनाचं बी राखेत घोळवून मडक्यात ठेवलेलं होतं, ते त्यानं टोचलं होतं. सगळीच फळं सडली तर पुढच्या सालाला बी उरणार नव्हतं. म्हणून एका पहाटे तो गोजराबाईकडून ते काम शिकला. पहिली दोन फुलं त्याच्या बोटांत चुरगळली. घण धरणाऱ्या हाताला ती काडी धरवत नव्हती. गोजराबाई म्हणाली, हळू, नवरी पळून चालली नाही. तिसऱ्याला जमलं. त्या फळाच्या देठाला त्यानं हसिनाच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा बांधला. बियाण्यापुरता एकच भोपळा हातानं करायचा, बाकीचा वेल माश्यांवर सोडायचा, हा त्याचा नेम झाला. गोजराबाईनं सांगून पाहिलं की चार हातानं केले तर चार खाता येतील. तो नाही म्हणाला.

दिवाळीनंतर कोकणात उतरताना धुळाजी खाणीशी थांबला. सडलेले खड्डे पाहून हसला नाही. मेलेल्या कळपाला माणूस बघतो तसं बघितलं. भेगा छिन्नीनं रुंद करून त्यांत लेंडीखत ठासायचं काम चाललं होतं. पीरमहंमदनं यंदा काय काय लावणार ते सांगितलं. चांगली मोठी झाडं, जांभूळ, हिरडा, ऐन.

"म्हंजी चैत-वैशाखात जेवन, आन् बाकीचं साल उपाशी," धुळाजी म्हणाला.

"म्हंजी?"

"मोहोळ म्हंजी मेंढरंच रं, पीरूभाई. चारा सरला की मेंढरांचा वाडा हलतो. मी का हिंडतो सालभर? हौस म्हनून? एका रानात बारा म्हैने चारा असता तर मी कशाला कोकन बघतोय." तो दगडावर बसला आणि बोटांवर महिने मोजत गेला. माघात धायटी, फाल्गुनात पांगारा, वैशाखात करंज. श्रावणात तेरडा, भादव्यात कारळं, आश्विनात बोर, कार्तिकात रानतुळस. मेंढरामागं आयुष्य गेलेल्या माणसाला कुठल्या महिन्यात डोंगराच्या कुठल्या अंगाला काय फुललेलं असतं ते सगळं पाठ होतं. "आन् भाईरच्या अंगाला निरगुडी लाव, काठ्या खोचल्या तरी धरती. शेळी तोंड लावत न्हाई तिला. माझीच शेळी सांगतो. आत मोठी झाडं लावलीस आन् कुंपन न्हाई केलंस तर मीच तुझा वैरी."

तो गेल्यावर पीरमहंमदनं खाणीच्या तोंडाशी, जिथं पूर्वी मुकादमाची खोपी होती, तिथं दगडात ओळीनं बारा भोकं पाडली. वीतवीत अंतरावर, चार बोटं खोल. पहिलं चैत्राचं, शेवटचं फाल्गुनाचं. ज्या महिन्यात खाणीत फूल उमलेल त्या महिन्याच्या भोकात दगडाची खुंटी ठोकायची. लिहिता त्याला येत नव्हतं, पण भोक पाडता येत होतं.

त्यापुढची वर्षं सांगण्यासारखी थोडी आणि करण्यासारखी फार होती. निरगुडीच्या काठ्या धरल्या. पहिली खुंटी तिची, आषाढाची. पहिल्या पायरीवरच्या चुरीच्या उतारावर कारळं पेरलं, ते पहिल्याच भादव्यात पिवळं झालं. पांगाऱ्याची खोडं भेगेत उभी केली, वीसातली बारा जगली. त्र्याऐंशी साली पाऊस लवकर सरला, तेव्हा डबक्यातून घागरी वाहून त्यानं करंज जगवले. त्या दिवसांत फहमिदा चार दिवसांसाठी आली होती. वडील घागर घेऊन पायरी चढताना तिनं पाहिले आणि तिचा संयम सुटला.

"अम्मीच्या कबरीवर दोन साल झाली, तुमी गेला न्हाई," ती म्हणाली. "आन् दगडाला पानी घालताय."

"तितं जाऊन तिला काय सांगू?" पीरमहंमद म्हणाला. "अजून काय झालंच न्हाई."

 मग तिनं दुसरी घागर उचलली. जाईपर्यंत चार दिवस ती पाणी वाहत होती. विषय तिनं पुन्हा काढला नाही, पण पौडच्या खोलीत नवा पलंग आणून ठेवला आहे, एवढं जाताना सांगितलं.

दर साली श्रावणात वेल फुलायचा. दर साली दोरा बांधलेला एक भोपळा धरायचा आणि बाकीचे सडायचे. कारळ्यावर माश्या दिसू लागल्या होत्या, हे खरं. कुठून येत होत्या, दिवस मावळला की कुठं जात होत्या ते कळत नव्हतं. पण खाण वर होती आणि वेल खाली गावात. मधल्या कोसभरात उसाशिवाय काही नव्हतं. मग त्यानं मधल्या ओढ्याच्या काठानंही निरगुडी आणि करंज लावत आणले, गोजराबाईच्या बांधापर्यंत. गोजराबाई म्हणाली, बांध माझा हाय, इचारलंत का? तो म्हणाला, इचारतो. ती म्हणाली, लावा.

चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणात, एका सकाळी, पानं सारताना त्याच्या हाताला काहीतरी गार आणि जड लागलं. मुठीएवढा भोपळा. हिरवा, टणक, देठ पक्का. त्यानं देठाला दोरा शोधला. दोरा नव्हता. दोऱ्याचा भोपळा तीन हातांवर वेगळाच होता.

पहिल्यांदा त्याला आनंद झाला नाही. पहिल्यांदा त्याला गोजराबाईचा संशय आला. बारा वर्षं हसिनानं त्याला कळू न देता हेच केलं होतं. आता दुसऱ्या बाईनं दया येऊन तेच केलं असेल तर? तो तसाच कुडापाशी गेला आणि तिला बोलावलं.

"वैनी, खरं सांगा. वेलाला हात लावला काय तुमी?"

गोजराबाईनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग भोपळ्याकडं. तिचा चेहरा उतरला. "मला काय उद्योग न्हाई व्हय?" ती म्हणाली. "गुडघं धरल्यात माझं. पाटं मी खाटंवरनं उठत न्हाई, तुमच्या नवरीच्या पोटात काडी कवा फिरवू? आन् केलं असतं तर सांगून केलं असतं. मी हसिना न्हाई, गप बसायला."

हे शेवटचं त्याला पटलं. तरी मनाचं समाधान होईना. त्या रात्री तो लवकर निजला. पहाटे मशिदीत न जाता त्यानं मागच्या अंगणातच चटई टाकून नमाज केली आणि वेलापुढं बसला.

फुलं उमलली तेव्हा नीट दिसतही नव्हतं. उजाडलं. गोजराबाईच्या घरातून खोकल्याचा आवाज आला, पण ती बाहेर आली नाही. ऊन कुडाच्या टोकावर आलं. अजून थोड्या वेळानं फुलं मिटली असती. पीरमहंमदच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी तो हलला नाही.

माशी आली ती ओढ्याच्या बाजूनं. सातेरीच होती. बारीक, काळसर, पट्ट्यापट्ट्यांची. ती आधी नवऱ्या फुलात शिरली आणि बराच वेळ आत राहिली, इतकी की त्याला वाटलं अडकली. मग पिवळी होऊन बाहेर आली. दोन पानं ओलांडून दुसऱ्या फुलात गेली. त्यानं मान वाकवून बघितलं. त्या फुलाच्या बुडाशी गाठ होती.

तिच्यामागून आणखी एक आली. तो मोजत बसला नाही. उठला, तोंडावरून पाणी फिरवलं आणि गोजराबाईच्या दारात जाऊन म्हणाला, वैनी, चुकलं माझं. ती आतून म्हणाली, चहा ठेवलाय, बसा.

त्या दिवशी दुपारी तो हसिनाच्या कबरीवर गेला. फातिहा पढला. बाकी काय बोलला ते त्याचं त्याला ठाऊक.

भादव्यात भोपळा पिकला. फहमिदा आली, तिनंच तो चिरला, भाजी केली. हैबतराव जाता जाता ओट्यावर बसला, त्यालाही वाटी दिली. कुणीतरी त्याला हाराची आठवण करून दिली. हैबतराव भाजी संपवून म्हणाला, पालवी दगडाला कुठं फुटली, ती भेगेला फुटली. पीरमहंमद म्हणाला, "हार ऱ्हाऊ द्या, सरपंच. पौषात फुलनारं एक झाड सांगा." हैबतरावानं वाटी खाली ठेवली आणि पानाला चुना लावला.

सगळे गेल्यावर फहमिदानं भांडी घासून ठेवली आणि वडलांसमोर बसली. ती काय म्हणणार ते दोघांनाही ठाऊक होतं. "अब्बा, लागला आपसूक," ती म्हणाली. "आता चला."

पीरमहंमदनं वहाणा घातल्या. आधी माझ्यासंगं चल, एवढंच म्हणाला. ओढ्याच्या कडेकडेनं ती दोघं खाणीवर गेली. कारळं फुललेलं होतं. चुरीच्या उतारावर माश्यांचा आवाज एकसारखा येत होता आणि आता तो आवाज ऐकायला कान लावावा लागत नव्हता. त्यानं तिला खाणीच्या तोंडाशी नेऊन दगडातली बारा भोकं दाखवली. दहांत खुंट्या होत्या. कुठली कशाची ते त्यानं बोट ठेवून सांगितलं. माघ-फाल्गुन-चैत्र धायटी आणि पांगाऱ्याचे, वैशाख करंजाचा, पुढं निरगुडी, तेरडा, कारळं, बोर, रानतुळस, आणि मार्गशीर्ष त्यानं तळाच्या कडेला पेरलेल्या तुरीचा. एकदा माश्यांचा वाडा पडला आणि पुढच्या महिन्याला चारा नसला तर काय होतं, ते त्यानं धुळाजीच्या शब्दांत सांगितलं. फहमिदानं ओळीवरून हात फिरवला. तिसऱ्या भोकात तिचं बोट आत गेलं, आणि दहाव्यात.

"पलंग ऱ्हाऊ दे तसाच," पीरमहंमद म्हणाला. "पावन्याला व्हईल."

परत येताना तिनं विचारलं, पुढच्या सुट्टीत मुलांना आणू का? तो म्हणाला, आण, घागरी पुष्कळ आहेत.

दुसरी पायरी अर्धी झाली आहे. तिसरी उघडी आहे. कड्यावर आग्या मोहोळ अजून परतलेलं नाही. ज्येष्ठासाठी लावलेला ऐन छातीएवढा आहे, त्याला फुलायला वर्षं लागतील. आणि पौषाचं भोक रिकामं आहे. त्या महिन्यात तिथं काय लावायचं ते पीरमहंमदला अजून सापडलेलं नाही.